बरोबर आहे का, ताई?

शनिवारची सकाळची शाळा सुटलेली असते. बाकं भिंतीला सरकवलेली, पंखा बंद, आणि सातवी-आठवीची बारा मुलं दोऱ्याला नट बांधून बसलेली. पहिल्या पंधरा मिनिटांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ताई, बरोबर आहे का?" समोर दादा असेल तर "दादा, बरोबर आहे का?" आकडा वहीत उतरण्याआधीच मान वर होते. तुमची भुवई जराशी हलली की खोडरबर बाहेर येतो.

विज्ञान-गणिताची गोडी लावायची म्हणून बरेच जण शाळेत, वस्तीत, वाचनालयाच्या मागच्या खोलीत जातात. इंजिनिअरिंगची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, आयटीतून शनिवार राखून ठेवणारे असतात. सगळ्यांची पिशवी भरलेली असते: भिंगं, चुंबकं, स्ट्रॉ, फुगे. पिशवी कमी पडली म्हणून वर्ग बिघडल्याचं सहसा दिसत नाही. बिघडतो तो या प्रश्नापाशी. "हो, बरोबर" म्हणून मोकळं झालं की तासाभराचं काम तिथेच संपतं, कारण मुलाला हवं ते मिळालेलं असतं आणि आता दोऱ्याकडे बघायचं त्याला काही कारण उरत नाही.

म्हणून उपक्रम निवडताना एकच गोष्ट तपासावी असं माझं मत आहे. बरोबर-चूक सांगण्याची ताकद त्या वस्तूत आहे का? ज्वालामुखीच्या मॉडेलमध्ये ती नसते. खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. फेस आला, टाळ्या वाजल्या. फेस कमी आला तरी ज्वालामुखी, जास्त आला तरी ज्वालामुखी. लंबकात मात्र ती ठासून भरलेली आहे, आणि त्याचा खर्च चहाच्या दोन कपांइतका.

लंबक, म्हणजे पुस्तकातला दोलक. साहित्य मोजून सांगते, कारण घोटाळे तिथूनच सुरू होतात. दोरा शिवणकामाचा सुती घेतला तर तो ताणला जातो, पीळ सुटतो आणि नट स्वतःभोवती गिरक्या घेत बसतो. त्यापेक्षा गळाला लावतात तो तंगूस घ्यावा. नट अंगठ्याच्या नखाएवढा, हार्डवेअरच्या दुकानातला. दोरा टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने लावू नये, कारण चिकटपट्टी हळूहळू सुटते आणि लंबक नेमका कुठून लोंबतोय हेच कळत नाही. दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये दोरा दाबून धरायचा आणि पट्ट्या टेबलावर वजनाखाली ठेवायच्या. पट्ट्यांची खालची कड हा लंबकाचा माथा. तिथपासून नटाच्या मध्यापर्यंत ती लांबी. नटाच्या वरच्या कडेपर्यंत मोजणारा एक तरी गट असतोच. शिंप्याची टेप वापरत असाल तर आधी ती स्टीलच्या पट्टीवर ठेवून बघा. जुन्या टेपा मीटरमागे अर्धा सेंटिमीटर सहज खोटं बोलतात.

तिघांचा गट बरा. एक नट सोडतो आणि झोके मोजतो, एक मोबाइलवरचं स्टॉपवॉच धरतो, एक लिहितो. कामं प्रत्येक लांबीनंतर फिरवायची, आणि ती आपण लक्ष ठेवून फिरवायची. नाहीतर स्टॉपवॉच पहिल्या मिनिटाला एका मुलाच्या हातात जातं आणि तास संपेपर्यंत तिथेच राहतं, आणि वही एखाद्या मुलीकडे, का तर तिचं अक्षर चांगलं. कोणी मुद्दाम करत नाही, पण चार शनिवार असंच चाललं तर मोजणारे कोण आणि उतरवून घेणारे कोण हे वर्गात ठरून जातं.

पहिल्या शनिवारी लांब्या सरळ द्याव्यात: २०, ४०, ६०, ८०, १०० सेंटिमीटर. प्रत्येक लांबीला २० झोक्यांचा वेळ. झोका म्हणजे जाऊन परत येणं, नुसतं जाणं नव्हे. हे फळ्यावर हात हलवून आधी ठरवून घ्यायचं. २०च का, हे मुलांनी विचारलं तर उत्तमच. बटण दाबताना हात पाव सेकंद इकडेतिकडे होतो. एका झोक्याचा वेळ मोजला तर ती चूक अख्खी त्या झोक्याच्या माथी बसते. वीस झोक्यांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला नखभर येते. मोबाइल ४०.१७ असं दाखवतो आणि मुलं तो १७ भक्तिभावाने लिहितात. हात पाव सेकंद चुकत असताना शेवटच्या ७ला काय किंमत, ही चर्चा दशांश अपूर्णांकाच्या धड्यापेक्षा जास्त दशांश शिकवून जाते.

नीट केलं तर साधारण असे आकडे येतात: १८, २५.४, ३१.१, ३५.९ आणि ४०.२ सेकंद.

आता चुका बघा. लंबकाची खरी मजा तिथे आहे, कारण प्रत्येक चुकीला स्वतःची सही असते. एखाद्या गटाचे सगळेच आकडे कमी येतात. एक मीटरला ४०.२च्या जागी ३८.२, पंचवीस सेंटिमीटरला २०.१च्या जागी १९.१. पहिल्या ठिकाणी दोन सेकंद कमी, दुसऱ्या ठिकाणी एक. दोन्ही ठिकाणी कमी पडलेला वेळ बरोबर एका झोक्याचा आहे! नट सोडतानाच मुलाने "एक" म्हटलेलं असतं. सोडताना काहीच झालेलं नाही, म्हणून "शून्य" म्हणायचं. पहिला झोका पुरा झाला की "एक". त्याने वीसपर्यंत मोजलं, पण झोके घेतले एकोणीस. शून्य ही मोजणीची सुरुवात आहे हे वाक्य मुलांनी पाचवीपासून ऐकलेलं असतं. इथे ते दोन सेकंदांना पडतं.

हे तुम्ही ओळखलंत म्हणून लगेच सांगायचं नाही. त्या गटाला एवढंच विचारायचं: "शेजारच्या गटापेक्षा तुमचं किती कमी आलं? प्रत्येक लांबीला तेवढंच कमी आलंय का?" मग गप्प बसायचं. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात कठीण कौशल्य. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, बारा जोडी डोळे रोखलेले असताना ते फार लांब होतात. मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणायचं. तरी जीभ वळवळतेच.

दुसरी सही आकडे जास्त येण्याची. नट कमरेएवढा उंच ओढून सोडला की झोका देखणा दिसतो, पण साठ अंशांवरून सोडलेल्या लंबकाला प्रत्येक झोक्याला सुमारे सात टक्के जास्त वेळ लागतो. एक मीटरचा आकडा ४२च्या पुढे जातो. दोऱ्याच्या लांबीच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त ओढायचं नाही, हा नियम पुरतो. मीटरभर दोऱ्याला वीतभर नाही, वीतेहून थोडं कमीच. तिसरी सही लबाड आहे: लांब दोऱ्यांचे आकडे चोख, पण आखूड दोऱ्याला गडबड. ही नटाच्या वरच्या कडेपर्यंत मोजणाऱ्या गटाची. सेंटिमीटरभर चूक मीटरमध्ये विरून जाते, १६ सेंटिमीटरच्या दोऱ्यात अर्धा सेकंद काढते. शिवाय कोणी नट सोडताना ढकलला तर तो सरळ रेषेत न जाता लंबगोल फिरतो. कोणी "उकडतंय" म्हणून पंखा लावला तर सगळंच गेलं.

आणि एक चूक मुलांची नसते, आपली असते. पहिल्या गटाने मोठ्याने "चाळीस पॉइंट दोन!" असं जाहीर केलं की पुढच्या तीन गटांचं उत्तर ४०.२च येतं. कोणी खोटं बोलत नाही. तिसरं वाचन ३९.१ आलं तर ते "नीट नाही झालं" म्हणून पुन्हा घेतलं जातं, एवढंच. यावर उपाय सोपा आहे. आकडे चिठ्ठीवर लिहून घडी घालून डब्यात टाकायचे आणि शेवटी एकदम उघडायचे. तीन वाचनं घेतली तर तिन्ही लिहायची, आवडलेलं नव्हे.

भाकीतही असंच चिठ्ठीवर घ्यावं. जड नट लवकर झोके घेईल, उशिरा घेईल, की सारखाच? कारणासकट लिहायचं. बहुतेक चिठ्ठ्या "जड लवकर" म्हणतात आणि कारण देतात की जड वस्तूला जोर जास्त. मग तीन नट बांधून बघायचं. इथे एक सापळा आहे. मुलं तीन नट मण्यांसारखे एकाखाली एक ओवतात, त्यामुळे वजनाचा मध्य खाली सरकतो, लंबक नकळत लांब होतो, आणि २५ सेंटिमीटरला अर्धा-पाऊण सेकंद जास्त निघतो. निष्कर्ष: "जड नट हळू!" वर्गातले दोन्ही पक्ष हरले आणि तिसराच जिंकला. तिन्ही नट एकाच गाठीत शेजारी-शेजारी बांधले की हा फरक जातो. पण आधी तो होऊ द्यावा. वजन बदलताना आपण आणखी काय बदललं, हा प्रश्न मुलांच्या तोंडून यायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

दुसऱ्या शनिवारी आलेखाचा कागद. २० ते १००चे बिंदू मांडले की रेष वाकते. मुलं पट्टी घेऊन ती सरळ करू बघतात. शाळेतले आलेख सरळ असतात ना. "लांबी दुप्पट झाली, वेळ दुप्पट का नाही?" २०चे १८ सेकंद, मग ३६ सेकंद कधी? तक्त्यात शोधलं तर ८०पाशी सापडतं. चौपट लांबी, दुप्पट वेळ. इथे थांबून तिसऱ्या शनिवारसाठी लांब्या बदलायच्या: १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १००. का, ते सांगायचं नाही. आठवीतलं एखादं पोर वर्गसंख्या ओळखतं आणि संशयाने बघतं. बघू द्यावं.

आकडे येतात १६.१, २०.१, २४.१, २८.१, ३२.१, ३६.२, ४०.२. प्रत्येक वेळी चार सेकंद पुढे. वाकडी रेष कुठे गेली? ४ला १६, ५ला २०, ६ला २४. लांबीचं वर्गमूळ काढा आणि चारने गुणा, वीस झोक्यांचा वेळ तयार. वर्गमूळ ही भागाकाराच्या पद्धतीने परीक्षेत काढायची कटकट असते, ती एका दोऱ्यात लपलेली निघते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्या क्षणी सूत्र, पाय (π) आणि गुरुत्वत्वरण फळ्यावर ओतण्याचा जो मोह होतो तो गिळायचा. हलतं झुंबर बघून गॅलिलिओला लंबकाचा नियम सुचल्याची गोष्टसुद्धा आत्ता नको. आत्ता नियम मुलांचा आहे, त्यांना तो वापरू द्यावा: बरोबर ३० सेकंदांत २० झोके हवे असतील तर दोरा किती? साडेसातचा वर्ग, ५६ आणि पाव सेंटिमीटर. कापा दोरा, करा. आणि जिन्यावरून सव्वादोन मीटरचा सोडला तर? २२५चं वर्गमूळ १५, म्हणजे ६० सेकंद. एक मिनिट! ते बघायला शिपाईकाकासुद्धा थांबतात. तो ४ कुठून आला, हे विचारणारं मूल सापडलं तर त्याला एवढंच सांगावं की चंद्रावर हाच ४ जवळजवळ १० होईल, आणि विचार करायला सोडून द्यावं.

एव्हाना "बरोबर आहे का, ताई" कमी झालेलं असतं. उत्तर दोऱ्यापाशी आहे हे कळलेलं असतं.

गणितात दोरा नसतो, म्हणून तिथे हेच काम जास्त अवघड. यासाठी देवळालीच्या एका शाळामास्तरांनी आपल्यासाठी मोठं घबाड ठेवलंय. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि आकड्यांशी खेळले. १९७५ मध्ये गणिताची कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला नाव कळलं. त्यांचा खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. १९४७ घेतलं तर ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. पुढे कितीही केलं तरी ६१७४च. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोहोचतोच.

उत्साहाच्या भरात बरेच जण "सगळ्यांचं ६१७४ येणार बरं का" असं आधीच सांगून टाकतात आणि खेळ मारतात. आकडा मुलांनी एकेक करून ओरडायचा असतो.

आता या खेळाची खोच. मुलं हातच्यात चुकतात, भरपूर चुकतात. पण मधे चूक झाली तरी शेवटी ६१७४च येतं, कारण चुकून आलेली संख्याही चार अंकीच, आणि तिलाही वाट तीच. तेव्हा "माझं ६१७४ आलं, म्हणजे बरोबर" हा दावा इथे चालत नाही. उत्तर बरोबर, रीत चूक, आणि उत्तर काही चुगली करत नाही. मग तपासायचं कसं? प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज करा. ८२६२: अठरा. ६३५४: अठरा. ३०८७: अठरा. सगळ्या नऊने भाग जाणाऱ्या. तेच अंक उलटसुलट लावून वजा केले की नऊची पट येतेच. हातचा विसरला तर उत्तर दहाने किंवा शंभराने चुकतं आणि नऊचा भाग जात नाही; चूक नेमक्या ओळीवर पकडली जाते. दोन अंक उतरवताना अदलाबदल झाली तर मात्र नऊ पकडत नाही. पण पुढच्या पायरीला अंक पुन्हा क्रमाने लावायचेच असतात, त्यामुळे ती चूक आपोआप धुऊन जाते. हे मुलांनी शोधलं तर त्या दिवशी दुसरं काही करू नये.

एक अडथळा आधीच माहीत असलेला बरा. २१११ घेणाऱ्याचं पहिलं उत्तर ९९९ येतं. ते तीन अंकी समजून पुढे नेलं की ९९९ वजा ९९९, शून्य, आणि मूल म्हणतं कापरेकर चुकले. पुढचा शून्य जपायचा: ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१, पुढे ८०८२, ८५३२, ६१७४. पुढच्या शून्याला किंमत नसते असं आपणच शिकवलेलं असतं.

मग तीन अंकी संख्यांवर यावं, कारण इथे आठवीच्या बीजगणिताला पहिल्यांदा खरं काम मिळतं. सगळ्यांचं ४९५ येतं. का? मोठा अंक अ, मधला ब, लहान क. शंभर अ अधिक दहा ब अधिक क, त्यातून शंभर क अधिक दहा ब अधिक अ वजा. ब गेला! उरलं ९९ गुणिले अ आणि क यांचा फरक. हा फरक १ ते ९ एवढाच असू शकतो. म्हणजे तीन अंकी संख्या शेकड्यांनी असल्या तरी पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरं नऊच: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. मधे कायम ९. आता फक्त या नऊंचं काय होतं ते बघायचं. ०९९चे ८९१ होतात. ८९१ आणि १९८ यांचे अंक तेच, दोघांचे ७९२. ७९२ आणि २९७ यांचे ६९३. मग ५९४, मग ४९५, आणि ४९५चे ४९५. एक जिना, सगळे त्यावरून खाली उतरतात. नऊ ओळींत सगळ्या संख्यांचा निकाल लागला. उदाहरणं करून पाहणं आणि सिद्ध करणं यांतला फरक मुलांना सांगून पटत नाही, या नऊ ओळी बघून पटतो. दोन अंकी संख्या मात्र कुठेच थांबत नाहीत: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. हे मुलांनी घरी करून आणलं की पहिला प्रश्न "चुकलं का?" असाच असतो. नऊने तपास, एवढंच उत्तर.

भाषेचं एक दुखणं मध्येच सांगून टाकते. सेमी-इंग्लिशच्या मुलांना "टाइम पीरियड" हा शब्द ठाऊक असतो, "आवर्तकाल" किंवा "दोलनकाल" ऐकून गोंधळ होतो, आणि मराठी माध्यमात नेमकं उलटं. दोघांनाही कळतो तो झोका. म्हणून पहिले दोन शनिवार झोकाच म्हणावं. वस्तू ओळखीची झाल्यावर शब्द कुठलाही येऊ दे, त्याला बसायला जागा तयार असते.

सावलीचा प्रयोग मोठा आहे आणि फसतोही भरपूर. काठीची सावली शून्य होण्याचा दिवस बातम्यांमुळे फार लोकप्रिय झालाय, पण पुण्या-मुंबईकडे तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत सूर्याला. त्यापेक्षा दिवस-रात्र सारखी असते तो, मार्चच्या २०-२१ तारखेच्या आसपासचा दिवस धरावा. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत ज्याला शंकू म्हणतात ती ही काठी. एक मीटर उंच, ओळंबा लावून उभी, जमीन पाण्याच्या नळीने किंवा गवंड्याच्या लेव्हलने तपासलेली. भर दुपार बारा वाजता, असं सगळी मुलं छातीठोक सांगतात. पुण्यात त्या दिवशी ती होते १२ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला. सर्वांत आखूड सावलीची वेळ थेट शोधायला गेलात तर फसाल. त्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं सावलीची लांबी बदललीच नाही असं वाटतं. म्हणून काठीभोवती ४० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सावलीचं टोक बाराच्या पाचेक मिनिटं आधी वर्तुळात शिरतं आणि दीडच्या जरा आधी बाहेर पडतं. दोन्ही वेळांचा मध्य ही खरी दुपार. टोक धूसर असतं, सूर्य बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सेंटिमीटरभर अंधुक पट्टा पडतो. सकाळी पट्ट्याची जी कड धरली तीच दुपारी धरली की ही चूक दोन्हीकडे सारखी होऊन कटते. आखूड सावली साडेतेहेतीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. काठी आणि सावलीचा काटकोन त्रिकोण कागदावर काढून कोनमापक लावला की साडेअठरा अंश, आणि भूगोलाच्या नकाशात पुण्याचा अक्षांश बघायला सांगायचं. सप्टेंबरच्या २२-२३ला हाच प्रयोग केला तर कोन तोच येतो, पण दुपार पंधरा मिनिटं आधी होते. का, हे पृथ्वीच्या कक्षेशी जाऊन भिडतं. आठवीत त्याचं उत्तर द्यायची गरज नाही.

आणि तो सोडा-व्हिनेगर? तोही सुधारता येतो. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सपाट चमचाभर, साधारण ५ ग्रॅम सोडा. फुगा तोंडाला चढवून उलटा करायचा. व्हिनेगर २०, ४०, ६०, ८०, १०० मिली असं वाढवत जा आणि फुग्याचा घेर दोऱ्याने मोजा. ७० ते ९० मिलीच्या आसपास फुगा मोठा व्हायचा थांबतो, कारण सोडा संपलेला असतो. दरवेळी नवा फुगा घ्या, एकदा ताणलेला फुगा दुसऱ्यांदा सहज फुगतो.

स्पर्धांबद्दल फार लिहीत नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेच्या पुढे प्रात्यक्षिक आणि प्रकल्प आहेत, हे तिचं बलस्थान. पण सहावीच्या आणि नववीच्या मुलांसाठी त्याचेही क्लास निघाले आणि प्रात्यक्षिकंही पाठ करवून घेतली जाऊ लागली. पाठ केलेलं प्रात्यक्षिक म्हणजे ज्वालामुखीच, फक्त महाग. स्पर्धेला बसणाऱ्या मुलाला आयता प्रकल्प देऊ नये. तीन शनिवार त्याच्या प्रश्नांची यादी करावी आणि मोजता येईल असा एक त्यालाच निवडू द्यावा. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. पोस्टकार्ड विकत आणायचं, प्रश्न शोधायचा, लिहायचा, पेटीत टाकायचा. एवढी खटपट करून पाठवलेला प्रश्न त्या मुलाचा स्वतःचाच असणार.

वहीबद्दल एक नियम पहिल्या दिवशी घालावा आणि वर्षभर मोडू देऊ नये: खोडरबर दप्तरात. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण. सुरुवातीला मुलं रडकुंडीला येतात. वही घाण होते, घरी ओरडा बसतो. आई-बाबांच्या बैठकीत हे आधीच सांगून ठेवलं तर बरं पडतं. मार्चमध्ये वह्या परत देताना चाळाव्यात. एखाद्या पानावर ३८.२ दिसतं, त्यावर रेघ, आणि पुढे पेन्सिलीने, शुद्धलेखनाची एक चूक करून लिहिलेलं: "एक पासुन मोजलं. शून्य पासून मोजायचं होतं."